शुद्धिपत्र

अशोकस्तंभाच्या मागच्या बोळात, झेरॉक्सच्या शेजारी
माझं एक टेबल, एक खुर्ची, गिऱ्हाइकाला एक स्टूल.
बावीस वर्षं टाइप करतेय:
भाडेकरार, लग्नपत्रिका, दशक्रियेच्या चिठ्ठ्या,
आणि मार्च उजाडला की प्रबंध.

रेवती गांगुर्डेचा प्रबंध द्राक्षावरच्या डावणीवर होता.
पान एकशे सतरा, ओळ नववी:
‘फवारणीचा परिणाम नाही असे या नमुन्यावरून म्हणता येत नाही.’

रात्रीचे अकरा. डोळे चुरचुरत होते.
मला वाटलं, पोरीचं एक ‘नाही’ जास्तीचं पडलंय,
आमटीत मीठ दोनदा पडतं तसं.
उचललं, टाकलं.
वाक्य कसं सुटसुटीत झालं:
‘परिणाम नाही असे म्हणता येते.’
पाच प्रती. निळं कापड, सोनेरी अक्षरं.

ती आली ती रागावली नाही.
स्टुलावर बसली, पान उघडून बोट ठेवलं.
“मावशी, माझी तीन वर्षं होती इथं.”

मी म्हटलं, अगं, नाही नाही म्हणजे शेवटी होच ना?
उणे गुणिले उणे अधिक, शाळेत छडी खाऊन शिकलेय.
ती म्हणाली, “नाही.”
आता हे तिसरं.

ती पंचवटीत राहते. मीही दुकान ओढून घेतलं, निघाले.
गोदाकाठी दोन पोरं दोरीला लोहचुंबक बांधून
पाण्यात सोडत होती, ओढत होती.
वर यायचे रुपये, एखादा खिळा, बिजागरीचा तुकडा.
मी विचारलं, “सोन्याची अंगठी मिळते का रे कधी?”
“नाय.”
“म्हणजे या पाण्यात अंगठीच नाही?”
‘आशिर्वाद’ लिहून आणणाऱ्यांकडे मी जशी बघते
तसं त्यानं माझ्याकडे बघितलं.
“मावशी, लोहचुंबकाला सोनं चिकटतं का?”

रेवती पायरीवरच बसली हसत.
“ऐकलंत? तो ‘अंगठी नाही’ म्हणत नाही.
‘अंगठी आहे’ असंही म्हणत नाही.
त्याच्या दोरीला लागली नाही, एवढंच.
माझी बाग लहान, झाडं चाळीस,
माझी दोरी तेवढीच.”

मग मी एकेक शब्द काढत गेले, निवडायच्या तांदळातले खडे.
‘लक्षणीय’ हा माझा रोजचा, ‘लक्षणीय उपस्थिती’, म्हणजे मांडव भरला.
तिच्याकडे लक्षणीय म्हणजे
नुसत्या योगायोगावर ढकलायला जड जाईल असा फरक,
मग तो नखाएवढा का असेना.
‘प्रमाण त्रुटी’ टाइपताना मला वाटलं होतं,
स्वतःच्या चुका कोण बाई छापून देतं?
ती म्हणाली, चूक नाही ती,
पुन्हा मोजलं तर आकडा किती इकडेतिकडे हलेल, त्याचा अंदाज.

“हे सगळं सोपं नाही का लिहिता येत?”
“येतं. वडील लिहितात ना.
इंग्रजी रोगाचं नाव बागेत चावून चावून मऊ केलं,
डावणी झाली. भुरी तर आपलीच.
कुठली समिती बसली होती त्याला?
पण परवा विचारत होते, औषध लागू पडतं का नाही, एका शब्दात सांग.
तो एक शब्द माझ्याकडे नाहीये.”

रात्री पाच चिठ्ठ्या छापल्या:
‘पृष्ठ ११७, ओळ ९.
“म्हणता येते” ऐवजी “म्हणता येत नाही” असे वाचावे.’
डिंकानं चिकटवल्या. पाचवी जरा तिरकी बसली.
पैसे घेतले नाहीत.

काल शिरसाट आले, लेकीची पत्रिका टाकायला.
“मुलाकडून निरोप आलाय: नापसंती नाही.
म्हणजे हो धरून चला. तारीख घाला बारा मे.”

मी कीबोर्डवरचे हात उचलून मांडीवर ठेवले.
“बसा,” म्हटलं. “आधी सांगा,
निरोप कुणी आणला,
आणि त्याला विचारायला काय सांगितलं होतं?”